भाकरी आणि दार : इंग्लंडमधील आश्रयार्थींच्या निर्वाहहक्काचा इतिहास

परक्या देशात आश्रय मागणाऱ्या माणसाच्या अर्जाचा निकाल लागेपर्यंत त्याने खायचे काय, हा प्रश्न आधुनिक राज्यसंस्थेपुढे वारंवार उभा राहिला आहे. या प्रश्नाचा विचार बहुधा १९५१ च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारापासून सुरू केला जातो. इंग्लंडच्या बाबतीत तरी ही सुरुवात फार उशिराची आहे, असे आम्हास वाटते. परदेशी माणसाला बंदरात अडविणारा शांतताकाळातील पहिला आधुनिक कायदा तेथे १९०५ साली झाला. परंतु आपल्याच देशातील गरिबाला एका वस्तीच्या हद्दीवर अडविणारा कायदा त्यापूर्वी सुमारे अडीचशे वर्षे अमलात होता. पुढे परदेशीयांसाठी जे कायदे झाले त्यांची भाषा, त्यांतील संशय आणि त्यांतून सुटण्याच्या वाटादेखील त्या जुन्या कायद्यापर्यंत जाऊन पोहोचतात. प्रस्तुत लेखात आम्ही हा धागा तपासून पाहणार आहोत.

प्रथम शब्दांविषयी थोडे. मराठीत फाळणीपासून 'निर्वासित' हा शब्द रूढ आहे. परंतु ज्याचा छळ होत असल्याचे राज्याने मान्य केले आहे तो निर्वासित, आणि ज्याने तसा दावा केला आहे पण ज्याचा निकाल अद्याप लागलेला नाही तो वेगळा, असा भेद कायदा करतो. या दुसऱ्या माणसास आम्ही 'आश्रयार्थी' म्हणू. पालीच्या अभ्यासकास येथे 'सरण' हा शब्द आठवणे स्वाभाविक आहे. पण सरण जाणाऱ्याला दाव्याचा पुरावा मागितला जात नाही, म्हणून तो शब्द येथे उपयोगाचा नाही. प्रश्न सगळा या मधल्या काळाचा आहे. निकाल लागेपर्यंत आश्रयार्थी खरा की खोटा हे कोणासच ठाऊक नसते, आणि भूक मात्र दोघांनाही सारखीच लागते.

१६०१ च्या कायद्याने गरिबांचे पोषण करण्याची जबाबदारी इंग्लंडमध्ये पॅरिशवर, म्हणजे एका चर्चच्या कक्षेतील वस्तीवर टाकली. त्यासाठी पॅरिशने आपल्या रहिवाशांवर कर बसवावा अशी व्यवस्था होती. साहजिकच प्रत्येक पॅरिशला एकच चिंता लागली : आमच्या पैशावर दुसरीकडचा गरीब जगणार नाही ना ? या चिंतेतून १६६२ चा वस्तीहक्काचा कायदा झाला. वर्षाला १० पौंडांहून कमी भाड्याच्या जागेत राहावयास आलेला माणूस पुढेमागे पॅरिशवर भार होण्याचा संभव आहे, एवढ्या कारणावरून चाळीस दिवसांच्या आत तक्रार झाली, तर दोन न्यायदंडाधिकारी त्याला त्याच्या मूळ पॅरिशकडे परत पाठवू शकत. त्याने भीक मागितलेली असावी किंवा मदतीचा अर्ज केलेला असावा, याची गरज नव्हती. संभव पुरेसा होता. १७९५ मध्ये या कायद्यात सुधारणा होऊन प्रत्यक्ष भार झाल्याखेरीज हद्दपारी करू नये असे ठरले, तरी अविवाहित गरोदर स्त्री ही भार झालीच आहे असे मानण्याची तरतूद त्याच सुधारणेत ठेवण्यात आली. कारण उघड आहे. अनौरस मूल जेथे जन्मेल तेथे त्याला वस्तीहक्क मिळे. म्हणून बाळंत होण्यापूर्वी अशा स्त्रीला हद्दीबाहेर काढण्याची पॅरिशच्या अधिकाऱ्यांना घाई असे. गरिबांच्या कायद्यांच्या इतिहासातील हे पान आम्हास सर्वांत काळे वाटते.

ही व्यवस्था केवळ कागदावर नव्हती, हे पुढे आयर्लंडच्या दुष्काळात दिसून आले. १८४७ साली लिव्हरपूल बंदरात उतरलेल्या भुकेकंगाल आयरिश लोकांपैकी सुमारे १५,००० जणांना गरिबांच्या कायद्याखाली परत आयर्लंडला पाठविण्यात आले. हे लोक त्याच राणीचे प्रजाजन होते, परदेशी नव्हते. त्यांना परके ठरविणारी गोष्ट एकच होती, ती म्हणजे त्यांनी मागितलेली भाकरी.

मग खरोखरच्या परदेशी माणसाचे काय ? त्याला तर इंग्लंडमध्ये कोणतीच मूळ पॅरिश नाही. त्याला पाठवायचे कोठे आणि पोसायचे कोणी? हा प्रश्न १८०३ साली ईस्टबोर्न पॅरिशच्या खटल्यात राजाच्या न्यायासनापुढे आला. परदेशी गरिबाला पोसण्याचे बंधन कायद्यात नाही, असा एक युक्तिवाद त्यात होता. मुख्य न्यायाधीश लॉर्ड एलेनबरो यांनी तो झिडकारला. माणुसकीचा कायदा सर्व लिखित कायद्यांच्या आधीचा असून उपाशी मरणाऱ्या परदेशीयाला वाचविण्याचे बंधन तो आपल्यावर घालतो, अशा आशयाचे त्यांचे प्रतिपादन आहे. हे एलेनबरो म्हणजे १८४२ ते १८४४ या काळात हिंदुस्थानचे गव्हर्नर जनरल असलेल्या आणि ग्वाल्हेरच्या शिंद्यांशी महाराजपूर व पनिहार येथे लढाई करणाऱ्या एलेनबरोंचे वडील. दयाळू न्यायाधीश म्हणून त्यांची ख्याती मुळीच नव्हती. त्याच १८०३ साली त्यांच्या नावाने ओळखला जाणारा जो फौजदारी कायदा झाला, त्याने देहदंडास पात्र अशा गुन्ह्यांची यादी वाढविली. क्षुल्लक चोऱ्यांसाठी असलेली फाशी रद्द करण्याच्या प्रयत्नांनाही त्यांनी पुढे विरोध केला. अशा कठोर माणसाने हे वाक्य उच्चारावे याला आम्ही महत्त्व देतो. उपाशी माणसाला मरू देऊ नये ही त्या काळी उदारमतवादी मागणी नव्हती. ती न्यायाची किमान पायरी समजली जात होती.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडने परदेशी राजकीय निर्वासितांना मुक्तद्वार ठेवले. १८२३ पासून शतकाच्या अखेरपर्यंत अशा एकाही निर्वासिताला प्रवेश नाकारला गेला नाही किंवा देशाबाहेर घालविले गेले नाही. १८४९ मध्ये लंडनला आलेल्या कार्ल मार्क्स यांना कोणी परवाना विचारला नाही. या औदार्याची इंग्रजी इतिहासकार फार प्रशंसा करतात. ती अस्थानी नाही, पण अपुरी आहे. दार उघडे ठेवणे परवडत होते, कारण आत येणाऱ्याला राज्य फारसे काही देत नव्हते. मार्क्स यांचे कुटुंब सोहो भागात कोणत्या हलाखीत राहिले आणि त्यांची किती मुले लहानपणी दगावली हे सर्वश्रुत आहे. रशियन साम्राज्यातील अत्याचारांमुळे १८८१ नंतर हजारो ज्यू पूर्व लंडनमध्ये आले, तेव्हाही त्यांच्या पोषणाचा भार मुख्यतः तेथील ज्यू समाजाच्या संस्थांनीच वाहिला. १८५९ साली स्थापन झालेली ज्यू बोर्ड ऑफ गार्डियन्स ही त्यांपैकी प्रमुख. ही संस्था गरजूंना मदत देई आणि ज्यांचे येथे बस्तान बसणार नाही असे तिला वाटे, त्यांना परतीचे भाडे देऊन पूर्व युरोपात माघारीही पाठवी. एकाच हाताने भाकरी आणि परतीचे तिकीट देण्याची ही पद्धत पुढे सरकारने उचलली.

१९०५ चा परदेशी व्यक्तींचा कायदा या पार्श्वभूमीवर झाला. स्वतःचा व कुटुंबाचा निर्वाह नीट करण्याचे साधन ज्याच्याजवळ नाही असा परदेशी 'अनिष्ट' ठरवून त्याला जहाजावरून उतरू न देण्याचा अधिकार अधिकाऱ्यांना मिळाला. वीसहून अधिक परदेशी उतारू असलेल्या जहाजांवरील खालच्या वर्गाच्या प्रवाशांचीच तपासणी होई. वरच्या वर्गाचे तिकीट काढणाऱ्याला कोणी काही विचारीत नसे. सार्वजनिक करांवर भार होण्याचा संभव, ही १६६२ ची भाषा येथे जशीच्या तशी परत आली. परंतु त्याच कलमात एक अपवाद होता, आणि या लेखाच्या दृष्टीने तोच महत्त्वाचा आहे. केवळ धार्मिक किंवा राजकीय कारणांवरून होणारी शिक्षा अथवा छळ टाळण्यासाठी आलेल्या माणसाला, तो निर्धन आहे किंवा करांवर भार होईल एवढ्याच कारणाने परत पाठविता येणार नाही, असे कायद्याने म्हटले होते. म्हणजे छळापासून पळालेला माणूस रिकाम्या हातानेच येणार, हे १९०५ च्या पार्लमेंटला कळत होते. १९०६ मध्ये गृहमंत्री हर्बर्ट ग्लॅडस्टन यांनी संशयाचा फायदा आश्रयार्थीला द्यावा अशी सूचनाही केली.

१९१४ च्या युद्धकालीन कायद्याने आणि १९१९ साली तो पुढे चालू ठेवल्याने हा अपवाद नाहीसा झाला. दोन महायुद्धांमधील काळाविषयी थोडक्यात एवढेच सांगतो, की आश्रय ही कृपा आणि तिचा खर्च खाजगी अशी स्थिती होती. १९३३ साली ब्रिटनमधील ज्यू पुढाऱ्यांनी जर्मनीतून येणाऱ्या कोणाही ज्यू निर्वासिताचा भार सरकारी तिजोरीवर पडणार नाही अशी हमी सरकारला दिली होती. १९३८-३९ मध्ये नाझी अमलातून सुमारे १०,००० मुले आणण्यात आली. त्यांच्यासाठीही पुढे प्रत्येकी ५० पौंडांची हमी मागण्यात आली. त्यांच्या आईबापांसाठी अशी सामुदायिक योजना निघाली नाही, आणि त्यांतील बहुतेकांची पुन्हा भेट झाली नाही.

१९४८ च्या राष्ट्रीय साहाय्य कायद्याने गरिबांचा जुना कायदा पहिल्याच कलमात संपुष्टात आणला. ज्यांच्याजवळ निर्वाहाचे साधन नाही अशा, ग्रेट ब्रिटनमध्ये असलेल्या व्यक्तींना साहाय्य करणे हे मंडळाचे कर्तव्य ठरले. कायद्यातील शब्द 'व्यक्ती' असा आहे. 'नागरिक' नव्हे, 'प्रजाजन' नव्हे, 'वस्तीहक्क असलेला' तर नव्हेच. देशात उपस्थित असणे आणि भुकेला असणे एवढ्या दोन गोष्टी पुरेशा होत्या. ब्रिटनने १९५४ मध्ये मान्य केलेल्या आंतरराष्ट्रीय करारातही, कायदेशीरपणे राहणाऱ्या निर्वासिताला सार्वजनिक साहाय्याच्या बाबतीत नागरिकासारखेच वागवावे असे कलम आहे. पुढील तीसेक वर्षे हा प्रश्न फारसा जाणवला नाही, कारण आश्रयार्थींची संख्या थोडी होती. त्यांना नेहमीच्या साहाय्याच्या ९० टक्के रक्कम तातडीची मदत म्हणून मिळे.

१९८८ साली सुमारे ४,००० असलेले अर्ज १९९१ मध्ये सुमारे ४४,८०० वर गेले. अर्जांचा निकाल लागण्यास वर्षे लागू लागली. मान्य होणारे अर्ज थोडे होते. म्हणून बहुतेक लोक काम व साहाय्य यांसाठीच येतात, असे सरकार म्हणू लागले. हा युक्तिवाद सर्वस्वी पोकळ होता असे म्हणणे योग्य होणार नाही. ज्या राज्याने सर्वांना भाकरीचे आश्वासन दिले आहे, त्याला आपल्या दाराची चिंता वाटणे अपरिहार्य आहे. एकोणिसाव्या शतकातील मुक्तद्वार आणि विसाव्या शतकातील कल्याणकारी राज्य या दोन्ही गोष्टी इंग्लंडला एकाच वेळी कधी लाभल्या नाहीत. प्रश्न असा आहे, की दाराचा बंदोबस्त दारातच करावयाचा की भाकरी काढून घेऊन.

समाजकल्याण खात्याचे मंत्री पीटर लिली यांनी दुसरा मार्ग निवडला. ५ फेब्रुवारी १९९६ पासून अमलात आलेल्या नियमांनी, बंदरात किंवा विमानतळावर उतरताच अर्ज न करता देशात आल्यानंतर अर्ज करणाऱ्यांचे, तसेच अर्ज फेटाळला जाऊन अपील करणाऱ्यांचे साहाय्य बंद केले. या नियमांना अपील न्यायालयात आव्हान देण्यात आले. २१ जून १९९६ रोजी दोन विरुद्ध एक अशा बहुमताने नियम अधिकारबाह्य ठरले. बहुमताच्या निकालपत्रात न्यायमूर्ती सायमन ब्राउन यांनी केलेला तर्क साधा होता. १९९३ च्या कायद्याने पार्लमेंटने आश्रयार्थींना अपिलाचा हक्क दिला आहे. उपाशी राहून तो हक्क बजावता येत नाही. तेव्हा मंत्र्याने दुय्यम नियमांच्या द्वारा पार्लमेंटने दिलेला हक्क निरर्थक करणे पार्लमेंटला अभिप्रेत असू शकत नाही. आंतरराष्ट्रीय करार त्यांच्या हाताशी होता. तरी आपल्या तर्काच्या पाठीशी त्यांनी उभा केला तो १८०३ चा ईस्टबोर्नचा निकाल. एकशे त्र्याण्णव वर्षे धूळ खात पडलेले एलेनबरोंचे वाक्य असे परत न्यायालयात आले.

या निकालानंतर तेहतीस दिवसांनी, २४ जुलै १९९६ रोजी, तेच निर्बंध घालणारा कायदा पार्लमेंटने संमत केलेला होता. मंत्र्याला जे करता येत नव्हते ते पार्लमेंटला करता येत होते, आणि त्यावर त्या वेळी न्यायालयाजवळ इलाज नव्हता. मात्र कायदा करणारे एक कलम विसरले. १९४८ च्या राष्ट्रीय साहाय्य कायद्याच्या २१ व्या कलमान्वये वय, आजार किंवा अन्य परिस्थितीमुळे ज्यांना काळजीची गरज आहे अशांना निवारा देणे हे स्थानिक संस्थांचे कर्तव्य होते. हे कलम वृद्धांसाठी केले होते. अन्ननिवाऱ्यावाचून परक्या मुलखात पडलेला माणूस 'अन्य परिस्थिती'त मोडू शकतो, असे न्यायमूर्ती कॉलिन्स यांनी ऑक्टोबर १९९६ मध्ये ठरविले आणि फेब्रुवारी १९९७ मध्ये अपील न्यायालयाने ते उचलून धरले. या कलमाखाली रोख रक्कम देता येत नसे; म्हणून लंडनच्या पालिका आश्रयार्थींना शिधा आणि जेवण देऊ लागल्या. जमाखर्चाच्या दृष्टीने पाहिले तर भार केंद्र सरकारच्या वहीतून स्थानिक करदात्याच्या वहीत गेला. १६०१ साली जेथे तो होता तेथेच तो परत आला, आणि पॅरिशने जी तक्रार पूर्वी केली होती तीच पालिकांनी आता केली.

१९९७ मध्ये सत्तेवर आलेल्या मजूर पक्षाने यावर १९९९ चा कायदा आणला. त्याने २१ व्या कलमाची वाट मोठ्या प्रमाणात बंद केली आणि आश्रयार्थींसाठी सर्वसाधारण साहाय्यापासून वेगळी, गृहखात्याच्या ताब्यातील व्यवस्था निर्माण केली. हे स्थलांतर आम्हास फार अर्थपूर्ण वाटते. भूक हा विषय समाजकल्याण खात्याचा राहिला नाही. तो सरहद्द सांभाळणाऱ्या खात्याचा झाला. एप्रिल २००० पासून एकट्या प्रौढ आश्रयार्थीला आठवड्याला ३६ पौंड ५४ पेन्स मिळू लागले, म्हणजे नागरिकाच्या किमान साहाय्याच्या ७० टक्के. त्यांपैकी रोख बदलून मिळत असे फक्त १० पौंड. बाकीची रक्कम कुपनांच्या रूपाने ठराविक दुकानांत खर्च करावी लागे. कुपनाच्या किमतीहून कमी खरेदी केल्यास सुटे पैसे परत द्यावयाचे नाहीत असा नियम होता. दुकानातील रांगेत कुपन काढणारा माणूस कोण आहे हे सर्वांना कळत असे. कामगार पुढारी बिल मॉरिस यांनी या कुपनांविरुद्ध मोठी मोहीम चालविली आणि २००२ मध्ये ती बंद झाली. राहण्याची जागा मात्र सरकार ठरवील तेथेच, ही पद्धत टिकली. तिच्याखाली ग्लासगोच्या साइटहिल वस्तीत पाठविलेल्या एका कुर्द तरुणाचा ऑगस्ट २००१ मध्ये खून झाला.

२००२ साली अर्जांची संख्या ८४,१३२ वर पोहोचली. त्याच वर्षी २३ जुलैला, सहा महिने निकाल न लागल्यास काम करण्याची जी मुभा होती ती काढून घेण्यात आली. पाठोपाठ आलेल्या कायद्याच्या ५५ व्या कलमाने, शक्य तितक्या लवकर अर्ज न करणाऱ्याला कोणतेही साहाय्य देऊ नये असे ठरविले. ते ८ जानेवारी २००३ पासून लागू झाले. काम करण्यास बंदी, साहाय्यास नकार आणि अर्जाचा निकाल लागेपर्यंत थांबणे भाग, अशा तिहेरी पेचात माणसे रस्त्यावर आली. न्यायालयांत शेकडो अर्ज दाखल झाले. त्यांतील तीन प्रकरणे हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेली. एका अंगोलन तरुणाने क्रॉयडनच्या पोलीस ठाण्याबाहेर रात्री काढल्या होत्या. सुदानमधून आलेला दुसरा ब्रिक्स्टन येथे निर्वासितांना मदत करणाऱ्या संस्थेच्या आवारात काही आठवडे उघड्यावर झोपला होता. तिसरा इथिओपियाचा होता.

मानवी हक्कांच्या युरोपीय कराराचे तिसरे कलम अमानुष किंवा मानहानिकारक वागणुकीस मनाई करते, आणि १९९८ च्या कायद्याने ते ब्रिटिश न्यायालयांस लागू केले होते. सरकारचे म्हणणे असे, की आम्ही या माणसांना कोणतीही वागणूक दिलेली नाही. आम्ही केवळ काही दिलेले नाही. न देणे ही वागणूक कशी होईल ? या युक्तिवादाचे उत्तर हा त्या निकालाचा गाभा आहे. न्यायाधीशांच्या मते राज्याने येथे नुसते हात बांधून घेतलेले नव्हते. कायद्याने त्या माणसाला कमावण्यास मनाई केली आणि त्याच वेळी मदतही नाकारली. या दोन कृती एकत्र घेतल्या की ती राज्याने दिलेली वागणूकच ठरते. अन्न, निवारा आणि जगण्याच्या अगदी मूलभूत गरजा नाकारल्याने गंभीर यातना समोर उभ्या ठाकल्या असतील, तर राज्याने मदत केलीच पाहिजे, असे लॉर्ड बिंगहॅम यांनी म्हटले. ३ नोव्हेंबर २००५ रोजी पाचही न्यायाधीशांनी एकमताने सरकारचे अपील फेटाळले. त्या पाचांत लॉर्ड ब्राउन होते. १९९६ मध्ये एलेनबरोंचे वाक्य शोधून काढणारे सायमन ब्राउन ते हेच.

या निकालाने तळ निश्चित केला, छत नव्हे. तळाच्या वर किती द्यावयाचे हे सरकारच्या हाती राहिले. आश्रय नाकारलेल्या कुटुंबांचे साहाय्य थांबविण्याचा प्रयोग ११६ कुटुंबांवर करण्यात आला. त्यामुळे लोक मायदेशी परतले असे गृहखात्याच्याच २००७ च्या अहवालास आढळले नाही. २०१४ मध्ये उच्च न्यायालयाने आठवड्याचा दर गोठविण्याचा निर्णय सदोष ठरविला, तरी तेवढ्याने दर वाढला नाही. जानेवारी २०२४ पासून स्वतः स्वयंपाक करून राहणाऱ्यास आठवड्याला ४९ पौंड १८ पेन्स आणि जेवण मिळणाऱ्या वसतिस्थानात ठेवलेल्यास ८ पौंड ८६ पेन्स असा दर लागू झाला. नोव्हेंबर २०२५ मध्ये सरकारने आणखी एक घोषणा केली. साहाय्य देण्याचे जे बंधन २००५ च्या नियमांनी राज्यावर घातले होते ते काढून टाकून, साहाय्य देणे न देणे राज्याच्या मर्जीवर ठेवावे असा हा प्रस्ताव होता. निर्बंधित माणसाने आपला भार सार्वजनिक करांवर टाकू नये, हेच कारण त्याच्याही मागे होते. २००२ च्या कायद्यातील ५५ वे कलम तर २००५ च्या निकालानंतरही रद्द करण्यात आले नाही.